वस्तऱ्याला शेवटचा हात

माझ्या सासऱ्यांना मी दोन आठवडे रडवलं. रोज सकाळी साडेसातला, आंघोळीच्या आधी. आणि रोज ते टॉवेलने डोळे टिपत न्हाणीघरातून बाहेर यायचे आणि मला म्हणायचे, "वा, जावईबापू! काय धार लावलीत!"

त्या 'वा'वर मी काय फुलायचो! आता इतक्या वर्षांनी लिहितानाही कानशिलं गरम होतात, पण आधी सगळं सांगितलं पाहिजे.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही दोघं ब्राउनश्वाइगला राहत होतो. बायको विद्यापीठात पीएचडी करत होती. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पृष्ठभाग मोजायचो. म्हणजे एखादा शाफ्ट घासून, पॉलिश करून आला की तो किती गुळगुळीत आहे हे यंत्राखाली धरून बघायचं, आणि पुरेसा नसेल तर नाक मुरडून परत पाठवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या कामाला नाकं मुरडायचा पगार मिळत असल्यामुळे गुळगुळीतपणा या विषयात मला कोणी काही शिकवू शकेल असं मला वाटत नसे.

सासूबाई गेल्यापासून बायको दर रविवारी फोनवर वडिलांना एकच गोष्ट सांगायची, की या, थोडे दिवस या, एकटे नका राहू. बाबा कऱ्हाडला. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, कमी बोलणारे. दोन वर्षं त्यांनी दर रविवारी "बघू" म्हटलं आणि तिसऱ्या वर्षी एकदम तीन महिन्यांचा व्हिसा काढून आले. बायकोने विमानतळावर त्यांना बघितलं तेव्हा ती कशी रडली ते मी सांगत बसत नाही. पण ते तीन महिने तिच्यासाठी काय होते हे लक्षात असू द्या, कारण ते मी जवळजवळ घालवले.

बाबा वस्तऱ्याने दाढी करायचे. त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. त्यांचा नेहमीचा न्हावी दर दोन महिन्यांनी तो वस्तरा दगडावर लावून द्यायचा आणि मधल्या काळात बाबा रोज सकाळी चामड्याच्या पट्ट्यावर वीस-पंचवीस वेळा उलटसुलट फिरवून घ्यायचे. निघायच्या आधीही धार लावून घेतली होती. वस्तरा बनियनमध्ये गुंडाळून सामानाच्या बॅगेत नीट आला. पट्टा मात्र घरी खिळ्यालाच राहिला.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी जेवताना बाबा सहज म्हणाले, "इथल्या पाण्यात क्षार फार दिसतात. पट्टाही राहिला. वस्तरा जरा जड चालतो."

बस्स. एवढंच म्हणाले. एखाद्या शहाण्या माणसाने त्यांना चामड्याचा एक तुकडा आणून दिला असता आणि हे लिखाण इथेच संपलं असतं.

"बाबा," मी वरणाचा हात पुसत म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका. फिनिशिंग हा माझा विषय आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ही नजर मी पुढे बऱ्याच वेळा बघितली, पण त्या दिवशी ओळखली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी हार्डवेअरच्या दुकानातून जाड काच आणली आणि पाण्यातला पॉलिशपेपर आणला, एकापेक्षा एक बारीक. हिऱ्याच्या भुकटीची पेस्ट माझ्याकडे होतीच. काचेवर कागद चिकटवला आणि वस्तरा आडवा ठेवून घासायला लागलो. किती वेळा घासायचा? आमच्या खात्याचा अलिखित नियम असा की शंका आली तर अजून घासा. मी प्रत्येक कागदावर शंभर वेळा घासला. मग माझ्या ऑफिसच्या पँटचा चामडी पट्टा काढला, त्यावर पेस्ट चोपडली आणि त्यावर अजून दोनशे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत वस्तरा मायक्रोस्कोपखाली धरला. काय सांगू! धारेची कड फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ. पात्यात माझी मिशी दिसत होती. मी त्याचा फोटो छापून घेतला आणि घरी फ्रिजवर लावला.

बाबांनी फोटो बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला. म्हणाले, "उत्तम!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर आले तेव्हा हनुवटीवर टॉयलेट पेपरचे दोन तुकडे चिकटवलेले होते आणि डोळे लाल.

"कशी झाली बाबा?"

"छान! फारच छान. इथली हवा कोरडी आहे, त्यामुळे जरा..." आणि त्यांनी हवेकडे हात केला.

मला वाटलं, छानच आहे तर अजून छान करू. पुढच्या दोन आठवड्यांत मी तो वस्तरा चार वेळा लावला. प्रत्येक वेळी पेस्ट आधीपेक्षा बारीक आणि फेऱ्या आधीपेक्षा जास्त. बाबांचं कौतुक वाढत गेलं, तसे कागदाचे तुकडेही वाढत गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा हे मोजमापाच्या खात्यात आठ वर्षं काढलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबांनी आज विचारलं, तिकीट अलीकडचं करून मिळेल का."

"का?"

"म्हणाले, घर बंद आहे, बाग सुकेल. बाग कसली! दोन कुंड्या आहेत, त्यांना शेजारच्या काकू पाणी घालतात." सुरी थांबली. "तीन दिवस फिरायलाही गेले नाहीत. त्यांचा चेहरा बघितलास? खरबूज किसल्यासारखा झालाय."

"पण मी रोज विचारतो. ते छान म्हणतात!"

"अरे, तू जावई आहेस. ते तुला छानच म्हणणार. वस्तऱ्याऐवजी विळी हातात दिली असतीस तरी 'वा, काय विळी आहे' म्हणाले असते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दुसरी कसली दाढी त्यांना जमत नाही आणि तशा तोंडाने चार लोकांत जायला आवडत नाही. मला ते नुसते घरात बसलेले बघवत नाही. त्यांना जायचंच असेल तर सोमवारी मी एजंटला फोन करीन."

म्हणजे सोमवारपर्यंत वस्तरा चालायला हवा होता.

मी आधी भेट म्हणून आणलेला पाच पात्यांचा महागडा रेझर बाबांनी "फार सुंदर" म्हणून पाकिटासकट कपाटात ठेवला होता. तो मार्ग बंद. शनिवारी सकाळी मी शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. तो वस्तरा स्वतःच्या गालाला लावला.

पहिल्या ओढीला तो अगदी मऊ गेला. दुसऱ्या ओढीला दाढीचे केस कापायच्या ऐवजी त्याने ते मुळापासून मागितले. तिसऱ्या ओढीला मला सासूबाई आठवल्या, माझी आई आठवली, आणि बाबांनी रोज संपूर्ण चेहरा याच पात्याने केला या विचाराने डोळ्यांत आलेलं पाणी नक्की कोणत्या कारणाने आलं ते मला सांगता येईना.

आता यावरून कोणी काय निष्कर्ष काढला असता? मी असा काढला, की पॉलिश अजून कमी पडतंय.

बायको बाजारात गेली होती. दुपारी एक वाजता मी पँटचा पट्टा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या मुठीला अडकवला, दुसरं टोक हातात धरलं आणि वस्तरा त्यावर जीव तोडून मारू लागलो. सटाक, सटाक, सटाक. बाबा बाजूला खुर्चीवर बसून "वा" म्हणत होते.

दारावरची बेल वाजली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. पंच्याहत्तरीच्या, ताठ, इस्त्री केलेला एप्रन. जिन्याच्या भिंतीवर लावलेली घराची नियमावली त्यांना पाठ होती, आणि दुपारी एक ते तीन ही 'मिटाग्सरूहे', म्हणजे विश्रांतीची वेळ. त्या वेळात भिंतीला खिळा ठोकणाऱ्याला त्या माफ करत नसत. मी दार उघडलं. माझ्या हातात चामडी पट्टा.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "इथे कोणाला मारताय?"

"कोणालाच नाही!"

तेवढ्यात माझ्या मागून बाबा बाहेर आले. डोळे लाल, गालभर ओरखडे, हनुवटीवर रक्ताचे ठिपके पडलेले कागद. परक्या बाईंना बघून त्यांनी रीतीप्रमाणे दोन्ही हात जोडले.

आजींनी त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं, मग पट्ट्याकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेची उतरती भाजणी मी जन्मात विसरणार नाही. मी घाईघाईने आत धावलो आणि पुरावा म्हणून वस्तरा घेऊन आलो. उघडा वस्तरा हातात घेऊन धावत येणं हे त्या क्षणी फारसं शहाणपणाचं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

पण वस्तरा दिसताच आजींचा चेहराच बदलला. त्यांनी एप्रनच्या खिशातून चष्मा काढला, वस्तरा माझ्या हातातून काढून घेतला, उजेडाकडे धरला, अंगठा धारेवर आडवा, अलगद टेकवला. मग विचारलं, "हे कोणी केलं?"

मी मोजमापाच्या खात्याचा उल्लेख केला. त्यांना स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजवरचा फोटोही दाखवला.

पुढची दोन-तीन मिनिटं त्या बोलल्या. त्यांच्या वडिलांचं केशकर्तनालय होतं, शाळेत असल्यापासून दगडाचं काम त्या करायच्या; वडील त्यांना गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी कधी जाऊ देत नसत, पण धार मात्र सगळी त्यांच्याच हातची. आणि एवढ्या वर्षांत एका चांगल्या पात्याची अशी दशा केलेली त्यांनी पाहिली नव्हती. घासून घासून मी धारेला कागदासारखी पातळ पापुद्र्याची कड आणली होती, जी बघायला चकचकीत आणि पहिल्याच केसाला मुडपणारी. वर पट्टा झोळीसारखा सैल धरून कड गोल केली होती. याला फिनिशिंग म्हणत नाहीत, याला हट्ट म्हणतात.

बाबा पुन्हा खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतायत त्या?"

"म्हणतायत की... थोडं जास्त झालंय."

"एवढं लांब बोलल्या आणि एवढंच?"

मी घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. हट्टासकट. स्वतःची शोभा स्वतःच भाषांतर करून सासऱ्यांना ऐकवायची वेळ शत्रूवरही येऊ नये. बाबा लक्षपूर्वक ऐकत होते. माझं संपल्यावर ते खुर्चीत सरळ बसले, आजींकडे वळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांगा."

"काय सांगू बाबा?"

"त्यांना सांगा, पहिल्या दिवशी मिशीखाली दोन ठिकाणी कापलं. दुसऱ्या दिवशी हनुवटी. त्यांना म्हणावं, गळ्याखाली वस्तरा नेतो तेव्हा मी मनात रामरक्षा म्हणतो. गेल्या बुधवारी अर्धीच दाढी करून बाहेर आलो, आमच्या जावईबापूंच्या लक्षातही आलं नाही. आणि त्यांना हेही सांगा, की वस्तऱ्याला काहीही झालं नव्हतं. मला फक्त एक पट्टा हवा होता."

दोन आठवड्यांत ते माझ्याशी इतकं बोलले नव्हते. मी एकेक वाक्य जर्मनमध्ये सांगत गेलो. आजी मान हलवत "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत होत्या, म्हणजे बरोबर, अगदी बरोबर. बुधवारची अर्धी दाढी मी गाळायचा प्रयत्न केला, पण बाबांनी हाताने अर्धा गाल दाखवला.

"मग यांनी आधी का नाही सांगितलं?" आजींनी विचारलं.

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे जावयाच्या कामाला नावं ठेवत नाहीत."

आजींनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बोट केलं. "मग हा शिकणार कसा?"

हे मी बाबांना सांगितलं.  ते हसले. मिशीखालचे ओरखडे ताणले जाऊन दुखलं असावं, तरी हसले.

आजी खाली जाऊन एक लाकडी डबी घेऊन आल्या. आत वीतभर लांबीची, निळसर करड्या रंगाची पाटीच्या दगडाची चीप, मधून किंचित झिजलेली. सोबत तसलाच अंगठ्याएवढा तुकडा, कापडाची एक पट्टी आणि चामड्याची एक. विश्रांतीची वेळ त्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात धाब्यावर बसवली.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती बघून मी ओरडलो. काचेचा पेला घेतला आणि माझी ती फूटपट्टीसारखी कड पेल्याच्या काठावरून सरळ, हळूच ओढली. तो कागदी पापुद्रा मोडून टाकला. बाबा समाधानाने म्हणाले, "आमचा न्हावीही नखावर असंच करतो." दोन आठवड्यांचं माझं काम एका पेल्यावर संपलं.

मग दगडावर पाणी, त्यावर छोटा तुकडा चोळून केलेला दुधासारखा चिखल. वस्तरा पूर्ण आडवा, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली. धार पुढे ठेवून तिरकं ढकलायचं, म्हणजे पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. परत फिरवताना पाठीवर कूस बदलायची. थोड्या फेऱ्या झाल्या की पाण्याचा एक थेंब. पुन्हा थोड्या फेऱ्या, पुन्हा थेंब. चिखल पातळ होत जातो, शेवटी नुसतं स्वच्छ पाणी राहतं, आणि तिथे फक्त वस्तऱ्याचं स्वतःचं वजन. हात नुसता सोबत असतो.

"आता तू," आजी म्हणाल्या.

मी घेतला. त्यांनी लगेच माझ्या मनगटावर चापट मारली. दाबायचं नाही. मी कमी दाबला. दुसरी चापट. बाबा खुर्ची ओढून जवळ आले. "जावईबापू, पोळीवर तूप लावताना कसा हात असतो? तसा."

"मी तूप भरपूर लावतो बाबा."

"ते दिसतंयच," बाबा म्हणाले. मी वर बघितलं. हे वाक्य त्यांनी आजींना सांगायला सांगितलं नव्हतं.

दहाच फेऱ्या, स्वच्छ पाण्यावर. मी अकरावीला हात उचलला तर आजींनी दगडच काढून घेतला. "शेवटचा हात म्हणजे कधी थांबायचं ते," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं कोणीही करतं." मग पट्टी एका टोकाला खिडकीच्या मुठीत, दुसरं बाबांच्या हातात, तारेसारखी ताठ. आधी कापडावर, मग चामड्यावर, आता मात्र पाठ पुढे आणि धार मागे, आवाज होईल न होईल इतका हलका. शेवटी आजींनी आपल्या डोक्यातला एक पांढरा केस उपटला, दोन बोटांत लोंबता धरला आणि वस्तरा त्याला नुसता टेकवला. अर्धा केस खाली टेबलावर पडला. आम्ही तिघंही त्या अर्ध्या केसाकडे बघत उभे होतो तेव्हा बायको भाजीच्या पिशव्या घेऊन आत आली आणि म्हणाली, "काय हरवलंय?"

जाताना आजींनी चामड्याची पट्टी बाबांच्या हातात ठेवली. मला म्हणाल्या, "तुला नाही. त्यांना."

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही नवरा-बायको न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे. आतून आधी पट्ट्याचा हलका आवाज आला, मग पाण्याचा, मग बराच वेळ काही नाही. बायकोने माझा दंड धरला होता, आणि खरं सांगतो, परीक्षेच्या निकालाला मी कधी इतका घाबरलो नव्हतो. मला भीती धारेची नव्हती. बाबा बाहेर येऊन 'छान' म्हणतील याचीच भीती होती. ते 'छान' ऐकलं की आपल्याला पुन्हा काहीच कळणार नाही, आणि बायको सोमवारी एजंटला फोन करील.

दार उघडलं. चेहऱ्यावर कागदाचा एकही तुकडा नाही. डोळे कोरडे.

"कशी झाली बाबा?"

बाबांनी तोंड उघडलं. तो 'वा' ओठांपर्यंत आलेला मला दिसला. तो त्यांनी गिळला. त्यांना ते सोपं गेलं नाही. जन्मभराची सवय होती. मग त्यांनी हाताने गाल चाचपला आणि म्हणाले, "उजवीकडे चांगला चालतो. डावीकडे, जबड्यापाशी, ओढतोय. टोकाकडे गेलात की तुमचा हात जड पडतो, जावईबापू. मी काल बघत होतो."

"हो का?"

"हो. ते काही बरोबर नाही." एवढं बोलून ते स्वतःच दचकल्यासारखे झाले, पण थांबले नाहीत. "पुढच्या शनिवारी खालच्या बाईंकडून तो दगड मागून आणा. मी शेजारी बसतो. तुम्ही दाबायला लागलात की सांगतो."

"पुढच्या शनिवारी?" बायकोने विचारलं. "आणि तिकिटाचं?"

"कसलं तिकीट?" बाबा म्हणाले, कानटोपी शोधत. "यांचा हात बसायला दोन महिने तरी लागणार."

ते फिरायला निघून गेले. मला आयुष्यात अनेकांनी नापास केलं आहे, पण त्यानंतर दारात उभं राहून हसू आवरत नाही असं फक्त त्या एकदाच झालं.